जाड अक्षर तिरकं करताना

सायकल शर्यतीचे फलक आणि जर्सीवरचे आकडे यांसाठी मला एक जाड, तिरका सॅन्स-सेरिफ (रेघांच्या टोकांना शेपट्या नसलेला) इंग्रजी फॉन्ट करायचा होता. सरळ उभी जाड अक्षरं मी आधीच काढली होती. ती १२ अंशांनी कलवली की झालं, असं मला वाटत होतं. त्या ‘झालं’ला पुढे चार महिने लागले.

कलवलेला ओ (O) पडद्यावर मोठा करून पाहिला आणि पोटात गोळाच आला. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे रेघ फुगलेली, उरलेल्या दोन कोपऱ्यांत रोडावलेली. कारण साधं भूमितीचं आहे. कलवताना उभी रेघ लांबते, पण तिचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, म्हणून ती दोनेक टक्के बारीक होते. कलाच्या दिशेने जाणारी तिरपी रेघ त्याहून बारीक होते, उलट दिशेची जाड. एसचा (S) मधला कणा नेमका उलट जातो, त्यामुळे तो सगळ्यात बेढब दिसत होता. हलक्या वजनाच्या, म्हणजे बारीक रेघेच्या, अक्षरात हे खपून जातं. जाड अक्षरात आतली पोकळी आधीच चिंचोळी, तिथे थोडीही सूज डोळ्यांत खुपते.

मग एकेक अक्षर पुन्हा काढलं. वळणांवरचे बिंदू हलवायचे, छापून भिंतीवर लावायचं, दहा पावलं मागे जाऊन बघायचं. सहाचा इंग्रजी आकडा (6) जमला तेव्हा फार आनंद झाला, कारण तो अर्धा फिरवला की नऊ मिळतो आणि कल तसाच राहतो!

इटॅलिक, म्हणजे छपाईतलं तिरकं अक्षर, मुळात हस्ताक्षरातून आलं. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुटियुसच्या छापखान्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफ्फोने कोरलेल्या त्या टंकात १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिल छापला गेला. सॅन्स-सेरिफ छपाईत आलं एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं इटॅलिक बरेचदा नुसतं कललेलं सरळ अक्षरच असतं. मीही तोच मार्ग धरला, फक्त लहान ए (a) मात्र हाताने लिहितात तसा एकाच पोटाचा केला. दोन पोटं त्या जाडीत बुजत होती.

शेवटची अडचण फाइलमध्ये निघाली. फॉन्टच्या माहितीत ‘ठळक’ आणि ‘इटॅलिक’ या खुणा लावायच्या राहिल्या होत्या. त्यामुळे इटॅलिकचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर माझं कललेलं अक्षर आणखी कलवायचं. खुणा लावल्या, कलाचा कोन उणे १२ असा नोंदवला (उजवीकडचा कल तिथे उणे धरतात), आणि ते थांबलं.

फलकावर शर्यतीचं नाव आणि अंतर तेवढं या फॉन्टमध्ये ठेवलं. दोन-तीन शब्दांना तो धाव देतो, पण नियमांचा परिच्छेद त्यात लावून पाहिला तेव्हा तिसऱ्या ओळीला डोळे थकले. नियम सरळ, मध्यम वजनात गेले.