निरोध: तुम्ही विचारलंत म्हणून

"अक्का, निरोध म्हणजे काय हो? कंपनीचं नाव काय ते?" कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वर भागात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हापासून हा प्रश्न ऐकतेय. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच, त्याही दाराशी कुणी नाही ना हे बघून. निरोध म्हणजे कंडोम; वस्तू पुरुषांची आणि मागायला यायचं बाईनं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तर शब्द संस्कृत, फार जुना. 'रुध्' म्हणजे अडवणं, आवरणं. विरोध, अवरोध ही त्याचीच भावंडं. पतंजलींनी योगाची व्याख्याच चित्तवृत्तींचा निरोध अशी केली. बुद्धांच्या चार आर्यसत्यांतलं तिसरं दुःखनिरोध. एवढ्या मोठ्या घरचा शब्द आहे हा.

सरकारनं १९६८ साली स्वस्तातला कंडोम बाजारात आणला. त्याला आधी 'कामराज' नाव सुचवलं होतं, म्हणजे मदन. पण के. कामराज हे काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले नेते. ते नाव मागे पडलं आणि 'निरोध' ठरलं. पंधरा पैशांना तीन मिळायचे. चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांनीच तो दुकानादुकानांत पोचवला, आणि पुढं कुठल्याही पाकिटाला लोक निरोधच म्हणू लागले. आपल्या हुक्केरी तालुक्यात, कणगल्याला, हिंदुस्तान लॅटेक्सचा (आताचं नाव एचएलएल लाइफकेअर) कारखाना १९८५ पासून आहे. तिथं कंडोम तयार होतात.

मला खरं सांगायचंय ते पुढचं. मराठीत आपण रोगप्रतिकारक शक्ती म्हणतो. कन्नडमध्ये म्हणतात रोगनिरोधक शक्ती. आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तसं कन्नडमध्ये लिहिलंय. मराठी शाळेच्या मुली ते वाचताना तिथंच अडखळतात, एकमेकींना कोपर मारतात, माना खाली घालतात. त्यांच्याच वयाच्या कन्नड मुली तोच शब्द धड्यातला म्हणून खणखणीत वाचतात. आपल्याकडे तो पाकिटातच अडकून पडला. शब्दाचीच लाज वाटली, तर बाई वस्तू मागणार कशी? दुसऱ्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांत पुन्हा दिवस गेलेल्या किती पोरी मी बघितल्यात. विचारलं तर सांगतात, "मागायला जीभ रेटली नाही अक्का."

आता शाळेत तपासणीला गेले की मी फळ्यावर 'रोगनिरोधक' लिहिते आणि फोडून दाखवते. रोग. निरोध. मग मुलींना तो सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायला लावते, मराठी वर्गातही आणि कन्नड वर्गातही.