दुकानासाठी भरवशाचा कॉम्प्युटरवाला शोधताना

२०२१ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी दुकान उघडलं, बिलिंगच्या मुलाने टॅली, म्हणजे आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, चालू केली तर कंपनीच, म्हणजे दुकानाचं सगळं खातं, दिसेना. आधी वाटलं लाईट गेली असेल रात्री, काहीतरी करप्ट झालं असेल, मग फोल्डर उघडून बघितलं तर प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अक्षरांचं कायतरी विचित्र शेपूट लागलेलं आणि जागोजागी रीडमी नावाची एक फाईल. त्यात लिहिलेलं, तुमच्या सगळ्या फाईली लॉक केल्यात, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर निम्मे, ४९०. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने ३६-३७ हजार रुपये. माझे हातपाय गार पडले होते.

आमचं सांगलीत गणपती पेठेत किराणा होलसेलचं दुकान आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. बिलिंगचे तीन कॉम्प्युटर, एक आतल्या खोलीत ज्यावर टॅलीचा डाटा असतो, एक कॅमेऱ्यांसाठी. लग्न होऊन आल्यावर हिशोबाचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. पण कॉम्प्युटर "बघणारा" मुलगा आधीपासूनचाच, नऊ-दहा वर्षं येत होता, अण्णांच्या दृष्टीने घरचाच. फोन केला की अर्ध्या तासात यायचा, दोनशे-तीनशे रुपये घ्यायचा, चहा प्यायचा, जायचा. आम्हाला वाटायचं याच्यापेक्षा अजून भरवसा तो काय असतो.

त्या दिवशीही तो लगेच आला. बघितलं, आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." मी विचारलं बॅकअपचं काय, तर बॅकअप रोज होत होता, त्याच मशीनच्या डी ड्राइव्हला, तोही लॉक. वेगळी हार्ड डिस्क होती ती कायम मागे जोडलेलीच असायची, त्यामुळे तीपण लॉक. आणि हे सगळं आलं कुठून, तर मसाल्याच्या पाकिटांची लेबलं बनवायला म्हणून त्यानेच दोन दिवसांपूर्वी एक सॉफ्टवेअर क्रॅक करून, म्हणजे विकत न घेता कुलूप तोडून, टाकलं होतं आणि क्रॅक चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद केला होता, तो तसाच बंद राहिला. या जातीचा रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, बऱ्याचदा अशा क्रॅकमधूनच येतो हे मला नंतर कळलं.

त्याच्या मनात पाप नव्हतं हे मी आजही सांगते. बिचाऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं. पण माणूस चांगला असणं आणि दुकानाचा डाटा त्याच्या हातात सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्ही त्या दहा वर्षं एकच धरून चाललो होतो.

खरं म्हणजे आम्हाला एक इशारा आधीच मिळाला होता. २०१९च्या महापुरात पेठेत सगळ्यांनी २००५च्या पुराची खूण धरून माल उचलला आणि पाणी त्याच्याही वर गेलं. आमचे सीपीयू माळ्यावर टाकलेले म्हणून वाचले पण बॅकअपची डिस्क गल्ल्याच्या ड्रॉवरमध्येच राहिली, ती चिखलात गेली. तेव्हा तो मुलगा म्हणाला, कॉम्प्युटर वाचले ना, मग बॅकअप काय परत घेता येईल, आणि आम्ही हो म्हणालो. आणि परत ती डिस्क त्याच दुकानात, त्याच टेबलावर. आज आठवलं की वाईट वाटतं, कारण त्या दिवशी नुसतं एवढं विचारलं असतं की सगळं दुकानच गेलं तर डाटा कुठं आहे, तर पुढचं काहीच झालं नसतं.

पैसे भरायचे नाहीत हे मी आणि नवऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवलं. भरले तरी फाईली उघडतील याची गॅरंटी कुणाकडेच नव्हती. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली. हा रॅन्समवेअर उघडायचा एक फुकट डिक्रिप्टरही निघालेला आहे, पण तो ऑफलाईन चावी, म्हणजे अनेकांना लागणारी एकच चावी, वापरलेली असेल तरच चालतो आणि आमची निघाली ऑनलाईन, म्हणजे फक्त आमच्यासाठी बनवलेली, त्यामुळे तोही रस्ता बंद.

वाचवलं ते सीएंच्या ऑफिसने. त्यांच्याकडे ३१ मार्चपर्यंतचा आमचा डाटा ऑडिटसाठी गेलेला होता. त्याच्या पुढचे सात महिने परत उभे करायचे होते. जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधून विक्रीची बिलं मिळाली, जीएसटीआर-२बी या खरेदीच्या स्टेटमेंटमधून खरेदी, बँकेचं स्टेटमेंट बँकेतून. पण पोर्टलवर बिलाची रक्कम आणि टॅक्स असतो, त्या बिलात साखरेची किती पोती आणि बेदाण्याचे किती बॉक्स गेले ते नसतं, त्यामुळे स्टॉक गोडाऊनमध्ये उभं राहून मोजला. उधारीची यादी पार्ट्यांना एकेकाला फोन करून जुळवली, आणि इथे मला सांगावंसं वाटतं की एकाही गिऱ्हाइकाने आमच्या अडचणीचा फायदा घेतला नाही, काहींनी तर स्वतःहून येणं सांगितलं. महिना-सव्वा महिना गेला यात. रात्री अकरा-अकरा वाजायचे.

हे चालू असतानाच मी ठरवलं की आता माणूस बदलायचा. अण्णा तयार नव्हते. "चूक कुणाची होत नाही, पोरगा घरचा आहे." मग मी त्यांना एक कागद दाखवला. त्या मुलाकडे मी सगळ्या पासवर्डची यादी मागितली होती, ती यायला वीस दिवस लागले, आणि आली तेव्हा काय कळलं, टॅलीचं लायसन आमच्या पैशाने घेतलेलं पण त्याच्या ईमेलवर नोंदवलेलं. वायफाय राउटरचा पासवर्ड फक्त त्याला माहीत. प्रत्येक कॉम्प्युटरवर एनीडेस्कला, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरला, एकच कायमचा पासवर्ड, म्हणजे तो कधीही, न विचारता आत येऊ शकत होता. आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, त्याच्या मोबाईलच्या ॲपवर, आमचा गल्ला त्याला घरी बसून दिसायचा. त्याने तो कधी बघितला असेल असं मला वाटत नाही. पण अण्णा तो कागद वाचून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बघ मग कोण मिळतंय ते."

मी तीन जणांना बोलावलं. एक शेजारच्या दुकानदाराने सांगितलेला, एक पुण्याची कंपनी, आणि एक मिरजेचे दोघं पार्टनर, त्यांचं नाव सीएंच्या ऑफिसमधून कळलं.

पहिला आला, पाच मिनिटं बघितलं, वर्षाचे ८ हजार म्हणाला, "विंडोज, ऑफिस, अँटीव्हायरस सगळं टाकून देतो, लायसनचं टेन्शन घेऊ नका." ते वाक्य ऐकलं आणि मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. दुसरी पुण्याची कंपनी, त्यांचं बोलणं छान, व्हिडिओ कॉलवर सगळं समजावलं, ४५ हजार वर्षाचे, पण सगळं रिमोट. प्रत्यक्ष यायचं तर वेगळा चार्ज आणि दोन दिवस. आमच्याकडे सणासुदीला बिलिंगचा प्रिंटर बंद पडला तर टेम्पो दारात उभा असतो, दोन दिवस कसे थांबणार. वाईट नव्हते ते, फक्त आमच्या कामाचे नव्हते.

मिरजेचे आले त्यांनी आधी भावच सांगितला नाही. त्यांच्यातल्या मोठ्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितलाय?" घेतलाय का असं नाही, उघडून बघितलाय का. मला उत्तरच देता आलं नाही. मग दोन तास ते प्रत्येक मशीनपुढे बसले, वहीत लिहून घेतलं, कोणतं विंडोज, खरं का खोटं, कोण कोणत्या नावाने लॉगिन करतं, यूपीएसची बॅटरी किती जुनी. टॅलीत आम्हाला एक वेगळा रिपोर्ट हवा होता त्याबद्दल मी विचारलं तर सरळ म्हणाले, "ते आमचं काम नाही, टॅलीच्या पार्टनरला, म्हणजे त्यांच्या अधिकृत माणसाला बोलवा, आम्ही त्यात हात घातला तर बिघडवू." मला हे फार आवडलं. सगळंच येतं म्हणणाऱ्याची मला तोपर्यंत भीती बसली होती.

तरी मी घाईने हो म्हटलं नाही. त्यांच्या दोन गिऱ्हाइकांचे नंबर घेतले, ते चांगलंच बोलणार हे माहीत होतं, म्हणून अजून एक मागितला, "तुम्हाला सोडून गेलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर द्या." ते जरा थबकले, पण त्या माणसाला विचारून दुसऱ्या दिवशी नंबर दिला. मी फोन केला. तो म्हणाला, सोडलं कारण ते खोटं सॉफ्टवेअर टाकून देत नव्हते आणि मला तेवढा खर्च परवडत नव्हता, पण सोडतो म्हटल्यावर त्याच संध्याकाळी सगळे पासवर्ड लिहिलेले दोन कागद आणून दिले आणि नवीन माणसाला शेजारी बसून समजावून गेले. माझा निर्णय त्या फोनवर झाला. तुम्ही कुणी माणूस शोधत असाल तर बाकी काही विचारू नका एकवेळ, पण हा एक फोन कराच.

भाव १८ हजार ठरला, पार्ट वेगळे. एकदम वर्षाचा करार केला नाही, आधी तीन महिने. आणि सगळं कागदावर घेतलं, कारण तोंडी बोलणं नंतर दोघांच्याही वेगवेगळं लक्षात राहतं. दुकान बंद पडण्यासारखं काम असेल तर चार तासांत माणूस, एकाच्या घरी लग्न-दवाखाना असला तर दुसऱ्याने यायचं. नवीन पार्टचं बिल आमच्या नावाने, त्यावर सिरीयल नंबर, काढलेला जुना पार्ट आमच्याकडे परत, हार्ड डिस्क तर दुकानाबाहेर न्यायची असेल तर सही करून. एनीडेस्कवर दरवेळी आम्ही समोरून परवानगी दिली तरच आत. आणि सगळे पासवर्ड एका पाकिटात, सीलबंद, आमच्या तिजोरीत. टॅलीचं लायसन अर्ज करून दुकानाच्या ईमेलवर आणलं, त्याला वेळ लागला पण झालं. डीव्हीआर रीसेट करून अण्णांच्या मोबाईलवर घेतला.

मुलांना रोजचं लॉगिन साधं दिलं, म्हणजे मनाने काही इन्स्टॉल होत नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. विंडोजची खरी लायसन घ्यायला पैसे गेले ते दोन टप्प्यांत दिले, एकदम नाही जमले. अजून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, त्यांनी प्रत्येक मॉनिटरच्या कडेला स्वतःचा नंबर चिकटवला आणि सांगितलं, प्रिंटरचा नाहीतर कशाचाही कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधायचा नाही, आम्हाला विचारा. माझ्या दिराने आधी एकदा असाच नंबर शोधला होता आणि पलीकडचा माणूस दोन मिनिटांत स्क्रीन शेअर करून नेट बँकिंग उघडा म्हणायला लागला होता, नशीब त्याने फोन कापला.

पण मला त्यांच्यावर पूर्ण भरवसा बसला तो तिसऱ्या महिन्यात. एका रविवारी ते आमच्या विश्रामबागच्या घरी आले, माझ्या लॅपटॉपवर घरी ठेवलेल्या डिस्कमधून बॅकअप रिस्टोअर केला आणि अण्णांना म्हणाले, "अण्णा, गेल्या महिन्यातलं कुठलंही एक बिल सांगा." अण्णांनी जतच्या एका पार्टीचं नाव सांगितलं, तारीख सांगितली. बिल समोर आलं, पोती, भाव, हमाली सगळ्यासकट. अण्णांनी चष्मा लावून ते बिल ओळ न ओळ वाचलं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी हे करतो, एखादं बिल मी निवडते, एखादं अण्णा. डिस्क आता दोन आहेत, एक दुकानात तर दुसरी घरी, रोज आलटून पालटून, आणि काम झालं की वायर काढून ठेवायची हे आता मुलांच्याही अंगवळणी पडलंय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे त्यांनी सहा महिने आधी सांगितलं. आमचे दोन पीसी जुने, त्यांना विंडोज ११ चालत नाही. मला वाटलं आता दोन नवीन घ्यायला लावणार, तर म्हणाले, बिलिंगचा बदला, कॅमेऱ्याच्या पीसीचं नेट काढून टाका आणि वापरा तो बंद पडेपर्यंत. त्यात त्यांचा एक पीसी विकला गेला असता.

आता पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी वाढायला लागलं की पेठेत सगळ्यांची नजर ४० फुटांकडे असते, ती इशाऱ्याची पातळी. गेल्या खेपेला पाणी वाढत होतं, आम्ही पोती वर टाकत होतो, तेवढ्यात मिरजेहून फोन आला, "ताई, सीपीयू नंतर उचला, आजची डिस्क घरी गेली का?" फोन स्पीकरवर होता. माझ्याआधी अण्णाच बोलले, "जातीय. माझ्या पिशवीत आहे."