परभणीत सालमन कुठं मिळतो?

मी लॅबमध्ये कामाला आहे, त्यामुळं लोकांच्या रिपोर्टसोबत त्यांच्या फाइलीतले बाकीचे कागदपण हाताखालून जातात. मागं जिंतूरकडच्या एक मावशी लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीचा, रिपोर्ट न्यायला आल्या होत्या, आणि दवाखान्यातून मिळालेला आहाराचा छापील कागद पुढं करून म्हणल्या, दादा एवढं वाचून दाखव की, पोरगं नाही संगं. वाचलं. ऑलिव्ह ऑइल, अक्रोड, बदाम, अॅव्होकॅडो, आणि आठवड्यातून दोनदा सालमन किंवा टूना मासा. मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं अन् मग विचारलं, "हे सालमन आपल्या येलदरीत निघतंय का?"

हसू नका. प्रश्न एकदम बरोबर होता. येलदरी धरण त्यांच्या गावाजवळ, मासे तिथं निघतात, मग कागदावर मासा लिहिलाय म्हणल्यावर माणूस दुसरं काय विचारणार? सालमन थंड समुद्रातला मासा, आपल्याकडं येतो तो बाहेरून, बर्फात, मोठ्या शहरातल्या मॉलपर्यंत, आणि त्याचा एका किलोचा भाव म्हणजे मावशीची कितीतरी दिवसांची खुरपणीची मजुरी. असा कागद देणारा माणूस वाईट असतो असं नाही, इंटरनेटवरचा चार्ट तसाच छापलेला असतो बस. मी पेनानं खाली लिहून दिलं, जवस, शेंगदाणे, तीळ, कारळ. तर म्हणल्या, "हे व्हय, हे तर पहिले घरीच असायचं."

या "पहिले" मध्येच सगळी भानगड आहे.

आमच्या शेतात माझ्या लहानपणी रब्बीला ज्वारीच्या कडेनं करडई असायचीच. काटे असे की जनावर आत तोंड घालायचं नाही, म्हणजे कुंपणाचं कुंपण आणि तेलाचं तेल. कोवळी असताना तिची भाजी व्हायची, आणि काढणीला बाया-माणसं हातापायाला चिंध्या गुंडाळून पहाटेच जायची कारण दवानं काटे जरा नरम पडलेले असतात, ऊन चढलं की हात घालायची सोय नाही. मग पोत्यानं करडई घाण्यावर जायची, डब्यानं तेल घरी यायचं अन् पेंड म्हशीला. भाकरीवर जवसाची नाहीतर कारळाची चटणी, चटणीत बोटानं खळगा करायचा आणि त्यात कच्चं तेल ओतायचं. श्रीमंताकडं तेल जास्त, गरिबाकडं कमी, एवढाच काय तो फरक होता, तेल मात्र एकच.

आता बघा काय झालंय. कोरडवाहूला सोयाबीन आलं, पैसा हातात येतो म्हणून सगळ्यांनी केलं, त्यात चूक कुणाची नाही. पण सोयाबीन घरी गाळता येत नाही ना, त्याला मोठा प्लांट लागतो. क्विंटलभर सोयाबीनमध्ये साधारण 18 किलो तेल असतं, ते सगळं मोंढ्यातून गाडीत बसून जातं आणि शेतकरी परत किराणा दुकानातून पाऊच घेतो. 2024 ला हमीभाव 4892 रुपये होता आणि मोंढ्यात माल 4000-4200 नं चालला होता, त्याच सप्टेंबरला सरकारनं खाद्यतेलाची आयात ड्युटी वाढवली, बाहेरून येणाऱ्या, रिफाइन न केलेल्या खाद्यतेलावर सगळं मिळून साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के. उद्देश शेतकऱ्याला भाव मिळावा हा. भाव काही हलला नाही अन् पाऊच मात्र लगेच महागला. म्हणजे विकताना पण मार आणि घेताना पण.

मग हाताला येतं ते पामतेल. 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयात आनंदाचा शिधा वाटला त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं, लोकांना त्याचा आधारच झाला, सणाला तळण झालं, मी नावं ठेवत नाही. पण पामतेलात जवळजवळ निम्मं सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी असते आणि करडईच्या तेलात दहा टक्क्याच्या आत, हे पण खरंच आहे. रोजच्या फोडणीत सॅच्युरेटेड कमी करून त्या जागी करडई-सूर्यफुलासारखं तेल आलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली येतं, हे आता वादाचं राहिलेलं नाही. (याचा अर्थ करडईचं तेल पळीपळीनं ओता असा नाही बरं का.)

आणि करडई गेली कुठं? शहरात. आमच्या इथं आता लाकडी घाण्याची दुकानं निघालीत, काचेच्या बाटलीत करडई तेल, लिटरला तीनशेच्या वर, घेणारे कोण तर प्रोफेसर, डॉक्टर, बँकवाले. ज्याच्या बापानं चिंध्या गुंडाळून करडई काढली तो पाऊच घेतो आणि ज्यानं कधी करडईचं झाड बघितलं नाही तो बाटली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं (एनआयएन) 2024 ला आहाराच्या सूचना काढल्या, त्यात 2000 कॅलरीच्या ताटात दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप आणि 35 ग्रॅम दाणे-बिया धरल्यात. पाच माणसांच्या घराला हे दाणे महिन्याला सव्वापाच किलो होतात. अक्रोड-बदामानं भरायचं म्हणलं तर पाच हजाराच्या खाली नाही, शेंगदाणे, तीळ, जवस असं मिळून आठशेच्या आसपास. आठशे पण जास्तच आहेत मजुराच्या घरी, पण निदान हिशोबात तरी बसतंय.

आता मासे. मराठवाड्यात मासा म्हणजे पैशापेक्षा जातीचा आणि घराचा विषय जास्त. नदीकाठचे भोई, दलित वस्ती, मुसलमान मोहल्ला इथं मासा सहज शिजतो, बाकी बऱ्याच घरात मटण चालतं पण मासा नको, वास येतो, काटे असतात. गळ्यात माळ असली तर प्रश्नच मिटला. जायकवाडी, येलदरी, माजलगाव, सगळीकडं रोहू, कटला, मृगळ, झालंच तर चिलापी निघतो, ओमेगा-3, म्हणजे ज्या चांगल्या चरबीसाठी सालमन सांगतात ती, बांगडा किंवा तारलीएवढं नसतं त्यात, पण असतं, आणि प्रोटीन तर भरपूर. आठवडी बाजारात सुकट-बोंबील मिळतात ते अजून स्वस्त, भाजून कांदा-मिरचीत परतले की दोन भाकरी जातात. सुकटीत फॅट तसं कमीच, पण मजुराच्या ताटात कॅल्शियम-प्रोटीन येतं ते तिच्यातूनच.

पण हे शिजवायला घर पाहिजे ना. माझा एक मित्र भाड्याच्या खोलीत राहायचा, एका रविवारी सुकट भाजली तर घरमालक खाली उभा, "आमच्या इथं असलं चालत नाही." त्याच मालकाच्या पिशवीत मी मागं फिशऑइलच्या कॅप्सूल बघितल्यात, रोज एक, दुधासोबत. औषध म्हणल्यावर चालतं. मी काही बोललो नाही, रिपोर्ट हातात दिला.

आणि बायकांचं तर वेगळंच. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-5) देशभरातले 15 ते 49 वयाचे साधारण 17 टक्के पुरुष मांस-मासे अजिबात खात नाहीत, बायकांत तेच 29 टक्के आहेत. आमच्याकडं तर मटणमासा खाणारी माणसं धाब्यावर खातात, घरात शिजतच नाही, मग घरची बाई खाणार कधी? आणि शिजलं तरी तुकडे पोरांना-माणसांना, तिच्या वाट्याला रस्सा. उपास वेगळेच. हिमोग्लोबिनचे रिपोर्ट मी रोज काढतो, त्यावर जात किंवा पगार छापलेला नसतो, पण नाव-गाव वाचलं की आकडा काय येईल ते आम्हाला बरेचदा आधीच कळतं.

परवा भावाला फोन केला, म्हणलं या रब्बीला घरापुरती तरी करडई पेर, कृषी विद्यापीठाच्या बिनकाट्याच्या जाती पण आहेत. तो म्हणाला, "पेरतो की, पण मावा कीड पडली तर फवारायला तू येणार का? आणि एवढीशी करडई काढायला बाया मिळत नाहीत, हार्वेस्टरवाला चार तासांसाठी रानात उतरत नाही. शेजारच्या दोघा-तिघांनी पेरली तर टाकतो." आता शेजारच्यांना विचारायचं काम माझ्याकडं आलंय.