तुम्ही विचारलंत म्हणून: तिला हा गोंगाट सोसतो का?

गणपती जवळ आले की हा प्रश्न हटकून येतो. पुण्याची नणंद फोनवर विचारते, रामबागेतल्या शेजारणी भाजी घेताना विचारतात, ‘तुमची सून फिनलंडची ना? तिला आपल्या इंदूरचा हा गोंगाट सोसतो तरी कसा?’ दरवेळी ‘सोसतो हो’ म्हणून मी वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

पहिल्या वर्षी नाही सोसला. गल्लीत डीजे लागला होता, स्वयंपाकघरातल्या फळीवरची ताटं थरथरत होती आणि ती मागच्या खोलीत कानात बोळे घालून, ओठ घट्ट मिटून बसली होती. मला तिचाच राग आला, हे कबूल करते. वर्षाचे दहा दिवस, त्याचं एवढं काय! पण ताटं माझ्याच घरातली थरथरत होती. मीही इतकी वर्षं डोकं धरून बसतच होते, फक्त बोलत नव्हते. रहिवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, दहानंतर लाउडस्पीकर बंद, सरकारने सूट दिली तरी बारापर्यंत आणि वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, हे सगळं मला तिने वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी आम्ही दोघी गल्लीतल्या मंडळाच्या पोरांकडे गेलो. डीजे गेला नाही, पण स्पीकरची तोंडं फिरली आणि दहाला बंद होऊ लागला. तेव्हा डीजेपुरतं माझं उत्तर असं, की तो तिला सोसत नाही, मलाही नाही, आणि कुणी सोसूही नये.

अनंत चतुर्दशीच्या रात्रीची गोष्ट मात्र निराळी.

माझं माहेर जेलरोडला, झांक्यांच्या, म्हणजे फिरत्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, वाटेवरच. दुपारपासून लोक कडेला सतरंज्या टाकून जागा धरतात. अंधार पडला की खजराण्याच्या गणपतीची झांकी येते, आणि मग कापडाच्या मिलच्या एकेक: हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. ट्रॉल्यांवर दिव्यांनी मढवलेले देखावे, मोटरवर हलणारे देव आणि राक्षस, पुढे पट्टा-बनेटी फिरवणारी आखाड्याची पोरं, बँड, जनरेटर. शंभर वर्षांची ही प्रथा. रात्रभर चालतं, पार उजाडेपर्यंत.

तिसऱ्या वर्षी माहेरच्या गॅलरीत उभं असताना तिने विचारलं, ‘‘आई, या मिल कुठे आहेत?’’

‘‘बंद पडल्या.’’

‘‘मग हे कोण करतं?’’

‘‘मिलचे कामगार.’’

तिला वाटलं, आपण मराठी चुकीचं ऐकलं. मग मी तिला सगळं सांगितलं. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद झाली. कामगारांच्या देण्याचा निकाल लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला; तोवर कितीतरी जण गेले होते. मधल्या काळात त्याच माणसांनी वर्गणी काढून, महापालिकेच्या आणि विकास प्राधिकरणाच्या पायऱ्या चढून झांकी काढली. माझे सासरेही अशाच एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर (मुकादम) होते. मिलचा भोंगा थांबल्यावरही अण्णा पहाटे त्याच वेळेला उठून, पायात चपला घालून ओट्यावर बसायचे. डबा भरायचा नाही, हे मला कितीतरी दिवस सकाळी आठवावं लागायचं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचे वडील कागदाच्या मिलमध्ये फिटर होते. तीही बंद पडली. ‘‘आमच्याकडे मिल गेली, मग त्यावर कुणी काहीच बोललं नाही,’’ ती म्हणाली, ‘‘बाबासुद्धा.’’ त्यांच्याकडे सणाला लोक गाव सोडून तळ्याकाठी जातात. शांतता हाच सण. ती शांतता मला तिच्यामुळे कळायला लागली आहे, आणि आवडायलाही. पण त्या रात्री तिला तिथलं गप्प बसणं आठवलं असावं.

त्यानंतर ती दर वर्षी गॅलरी सोडून खाली रस्त्यावर उभी राहते. कानात बोळे असतात, पण उभी राहते. मागच्या वर्षी तिने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. इथे रात्रीचा एक, तिकडे साडेदहा. एका मिलची झांकी नेमकी आमच्या दारापुढे अडली होती, बँड पुढे निघून गेला होता, जनरेटर घरघरत होता आणि सोंड हलवणारा हत्ती तेवढा चालू होता. म्हातारे गृहस्थ स्क्रीनवर कान पुढे करून ऐकत राहिले. मग त्यांनी लेकीला काहीतरी विचारलं, तिने फोन हत्तीच्या पायाशी नेला, पुन्हा ऐकलं.

ट्रॉलीच्या कडेला एक कामगार पाय सोडून बसले होते, सत्तरीच्या पुढचे, मानेला गमछा. ती त्यांच्याकडे गेली आणि हिंदीत म्हणाली, ‘‘चाचा, मेरे पापा बोल रहे हैं, इस मोटर का बेअरिंग गया है।’’

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग फोनमधल्या माणसाकडे. हात जोडले.

‘‘मालूम है बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘उनसे कहना, अगले साल बदल देंगे।’’