सूत अख्खं आलं का?

अण्णांचा जन्म यंत्रमागावर गेला. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "तू तिथं नेमकं करतीस काय गं?" सोलापुरात आमच्या गल्लीला 'काचेच्या पेटीतली बाळं सांभाळते' एवढंच ठाऊक. म्हणून हे लिहिते.

मँचेस्टरला आमच्या वॉर्डात 26-27 आठवड्यांत जन्मलेली बाळं असतात, बरीचशी किलोच्या आतली. त्यांच्या आतड्यांना दूध झेपत नाही, म्हणून साखर, प्रथिनं, स्निग्धांश थेट रक्तात द्यायचे. इतकं तीव्र द्रावण बारीक शिरेला सोसत नाही. मग हाताच्या किंवा पायाच्या शिरेतून एक लांब नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सरकवतात. जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी! टोक जागेवर आहे हे एक्स-रेत दिसल्याशिवाय ते द्रावण सुरू करत नाहीत.

"म्हणजे आमचं सूतच की," अण्णा म्हणाले. "तुटलं तर?"

मागावर तुटल्या धाग्याला गाठ मारता येते, इथं नाही. नवीन होते तेव्हा औषध थोडंच म्हणून मी 2 मिलीची सिरिंज उचलली, तर सिनियर सिस्टरनं माझा हातच धरला. सिरिंज जितकी लहान, तितका दाब जास्त, नळी फुटू शकते. त्यामुळे औषध अर्धा मिली असलं तरी सिरिंज 10 मिलीची.

पण खरी भीती जंतूंची. नळी थेट रक्तात उघडते, आणि या बाळांची प्रतिकारशक्ती नावापुरती. हात धुवायचे, नळीचं तोंड क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलच्या वाइपनं 15 सेकंद घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. हे वाळेपर्यंत थांबणं फार अवघड, कारण पलीकडे दुसऱ्या बाळाचा मॉनिटर वाजत असतो. सोलापुरात नाइट करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे सगळं येतं. पण एकीच्या वाट्याला इतकी बाळं येतात, की ते 15 सेकंदच त्यांना मिळत नाहीत. यंत्रं येतील तेव्हा येतील, आधी प्रत्येक पाळीत आणखी एक सिस्टर द्या, असं मला कळकळीनं वाटतं.

राउंडला रोज एक प्रश्न ठरलेला असतो: ही नळी आज हवीच का? सोमवारी एका बाळाला आईचं दूध पुरेसं पचू लागलं, आणि उत्तर 'नको' आलं. मी हळूहळू, जराजरा करत नळी ओढली, पट्टीवर ठेवून मोजली.

"सूत अख्खं आलं का?" अण्णांनी विचारलं.

"आलं, अण्णा. 20 सेंटिमीटर, पुरतं."