योगशिबिर नको, एप्रिलचा पगार द्या

स्वयंसेवी संस्थांमधली माणसं थकून गेली आहेत, हे आता निधी देणाऱ्यांच्याही लक्षात यायला लागलंय. पण उपाय म्हणून येतं ते बहुतेकदा एक दिवसाचं ताणमुक्ती शिबिर, आणि तेही रविवारी. म्हणजे आठवड्याची एकुलती सुट्टीही गेली. या थकव्याचा मोठा भाग बजेटच्या तक्त्यातून येतो, आणि तो तक्ता मंजूर करतो देणाराच.

आधी तारखा बघा. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीचं, वर्ष एप्रिल ते मार्च. प्रस्ताव जूनमध्ये गेला, मंजुरी ऑगस्टमध्ये आली, तर सह्या होऊन पहिला हप्ता पडायला ऑक्टोबर उजाडतो. खर्च मात्र 31 मार्चच्या आत. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांचं वर्ष वेगळं चालतं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत माणूस चिखलात असतो, पण पाड्यावर असतो. दिवाळीनंतर घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला निघतात, ती होळीला परततात. म्हणजे पैसे येतात तेव्हा पाडा ओस, आणि पाडा भरलेला असतो तेव्हा कार्यकर्त्याला पगार नाही. मग बारा महिन्यांचं उद्दिष्ट सहा महिन्यांत, रात्रीच्या बैठका घेऊन, उरलेल्या म्हाताऱ्या-पोरांना गोळा करून गाठायचं. माणूस पिचणार नाही तर काय?

यावर कंपनी कायद्यातच वाट आहे. सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करता येतो. त्यातला अखर्चित निधी वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत कंपनीने वेगळ्या खात्यात ठेवला, की मार्चअखेरची पळापळ उरत नाही. करारात आणखी एक ओळ घाला: पगाराचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्राला (आधीचे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याला) बांधलेला नसेल, तो तीन महिन्यांचा आगाऊ मिळेल. साहित्याचा, बांधकामाचा हप्ता खुशाल अडवा. पगार अडवला की संस्थेचा हिशेब सुधारत नाही, कार्यकर्त्या ताईंच्या घरचा किराणा थांबतो.

दुसरा घोळ 5 टक्क्यांचा. ‘प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर चालणार नाही’ असं संस्थांना बिनदिक्कत सांगितलं जातं. नियमातली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाला आहे. प्रकल्पावर काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार तिच्यात मोजायचाच नसतो. परदेशी निधीची मर्यादा निराळी: 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च 20 टक्के. दोन्हींची सरमिसळ झाली की पहिला बळी हिशेबनिसाचा. ते पद कापलं जातं आणि पावत्या चिकटवायचं काम क्षेत्र समन्वयकाच्या रात्रीवर येतं.

प्रवासखर्चाचं गणित तर पाचवीच्या पोरालाही जमेल. नाशिकहून पेठला जाऊन-येऊन साधारण 110 किलोमीटर, पाड्यांपर्यंत आणखी 20. गाडी लिटरला 45 देते, पेट्रोल 105 रुपये धरलं, तर एका फेरीला 300 रुपये. तक्त्यात महिन्याला 2,000 असतील तर सातव्या फेरीला ते संपतात. फेऱ्या वीस. बाकीचं पेट्रोल 15,000 च्या मानधनातून जातं, टायर-ऑइल वेगळंच. पेठमध्येच राहणारा कार्यकर्ता नेमला तर उत्तम, पण मग त्याच्या खोलीचं भाडं तक्त्यात धरा.

पगाराच्या ओळीत भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा वाटा आणि ग्रॅच्युइटी हवी. मूळ वेतन 15,000 असेल तर ग्रॅच्युइटी वर्षाला 15/26 च्या हिशेबाने, म्हणजे 26 दिवसांच्या महिन्यातले 15 दिवस धरून, 8,654 रुपये होते. ही तरतूद नसली की संस्था ‘मानधन’ या शब्दाआड लपते आणि माणूस दहा वर्षांनी रिकाम्या हाताने बाहेर पडतो. शिवाय दर पदामागे 12 ऐवजी 13 महिन्यांचा पगार मंजूर करा. तेरावा महिना बदली माणसासाठी. बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची असते. तिच्यासाठी वेगळी तरतूद लागते. नाहीतर रजेवर गेलेल्या ताईंचे पाडे शेजारच्या ताईंच्या गळ्यात पडतात, आणि रजा मागायचीच लाज वाटायला लागते.

अहवालांवर फार बोलत नाही. तीन देणगीदार, तीन नमुने, आकडे तेच. तिघांनी एकदा नाशिकच्या सातपूरला चहावर बसून एक नमुना ठरवावा, तिमाहीऐवजी सहामाही. आणि रविवारी रात्री ‘अर्जंट दोन फोटो पाठवा’ हा मेसेज बंद.

भेटी वर्षाला दोन पुरेत, तारीख तीन आठवडे आधी कळवून. रांगोळी, शाल-श्रीफळ नको, हे स्वतः लेखी कळवा. तोंडी ‘काही नको हं’ म्हटलं तर संस्था ऐकत नाही.

निधी थांबवायचा असेल तर ते सप्टेंबरमध्ये सांगा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगितलं, की कार्यकर्त्याला नवी नोकरी शोधायला चार दिवस मिळतात, आणि पाड्यावरच्या लोकांना काय सांगायचं हे ठरवायला तेवढेही नाहीत.