मीटर रूममधलं पाकीट आणि चोवीस फ्लॅट

जुळे सोलापुरातल्या एका हाउसिंग सोसायटीचं कोर्टाचं काम माझ्याकडे आहे. दोन विंग, चोवीस फ्लॅट. गेल्या वर्षी नेमकं पाणी सुटायच्या रात्री तिथं अमली पदार्थांसाठी पोलिसांचा छापा पडला. चेअरमनांचा फोन आला, "मॅडम, बी विंगमधले सगळेच फ्लॅट उघडून दाखवा म्हणताहेत. दाखवू का? आपल्याकडं लपवायसारखं काय नाही."

"काका, कुणाला अडवू नका, वादही घालू नका. खबर कुठल्या फ्लॅटची आहे तेवढं विचारा. मी येते."

हा प्रश्न सोसायटीवाले सहसा विचारतच नाहीत. चिंचोली एमआयडीसीत २०२३ मध्ये एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना सापडल्यापासून शहरात धास्ती आहे, ती समजण्यासारखी आहे. पण एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ४२ बिल्डिंग बघत नाही, जागा बघतं. मिळालेली खबर अधिकाऱ्यानं आधी लिहून काढायची. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय आत शिरायचं तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस का निसटेल, याची कारणंही लिहायची. त्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायची. खबर कोणी दिली हे सांगायला पोलिस बांधील नाहीत, आणि रहिवाशानं ते विचारूही नये. पण ज्या घराबद्दल काहीच खबर नाही, ते घर 'सहज बघून घेतो' म्हणून उघडायला लावता येत नाही. चेअरमनच्या होकारानं तर नाहीच. आपल्या उंबऱ्याबद्दलचा होकार त्या घरात राहणाऱ्यानंच द्यायचा असतो.

खबर दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटची निघाली. तिथं तीन विद्यार्थी भाड्यानं राहत होते. शेजारच्या घरात एक आजी एकट्या होत्या आणि पथकात महिला पोलिस नव्हती. कायद्यानं बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची असते. मी पथकाच्या साहेबांना एवढंच म्हटलं, की या घराबद्दल काही लेखी असेल तर महिला कर्मचारी बोलवा, नसेल तर आजींना झोपू द्या. ते तरुण होते, सरळ होते. लगेच मागं फिरले.

मुलांच्या खिशांची झडती घेताना मात्र चूक होत होती. कलम ५० खाली प्रत्येकाला सांगावं लागतं, की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेतली जावी हा तुझा हक्क आहे. इथं एकाच कागदावर तिघांच्या सह्या घेणं चाललं होतं. परमानंद खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं असं एकत्र समजावणं चालणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. मग तीन वेगळी पत्रं झाली. हे कलम अंगझडतीपुरतं आहे, खोलीच्या झडतीला लागू होत नाही. लोक इथं गल्लत करतात.

फ्लॅटमध्ये सिगारेटचे कागद आणि गांजा चुरायची छोटी डबी मिळाली. माल सापडला तो खाली, मीटर रूममध्ये, पॅनेलच्या मागं. आणि त्या खोलीची किल्ली कागदोपत्री वॉचमनमामांकडं.

मामा थरथरत उभे होते. पंचनाम्यात वाक्य पडलं होतं, 'वॉचमनच्या ताब्यातील खोलीत मुद्देमाल मिळून आला.' एवढ्या एका वाक्यावर साठीच्या माणसाचा जामीनसुद्धा अवघड होऊ शकतो. मी साहेबांना दाराजवळ नेऊन दाखवलं. चौकटीच्या बाहेर खिळा, त्याला सुतळीनं बांधलेली किल्ली. वायरमन, केबलवाला, मीटर रीडिंगवाला, सगळे तीच काढून आत जातात. एका पंचानंही ते सांगितलं. मग वाक्य बदललं: किल्ली बाहेर खिळ्याला, खोली सर्वांना खुली, जिन्यापासून किती पावलं, पॅनेलच्या कुठल्या बाजूला. जागा सामाईक असेल तर माल कुणाच्या जाणीवपूर्वक ताब्यात होता हा खटल्याचा गाभा असतो, आणि त्याची बरीचशी उत्तरं पंचनाम्यातच असतात.

दुसरी अडचण वजनाची. काटेवाल्यानं पाकीट जसंच्या तसं ठेवलं, ११२० ग्रॅम भरलं. गोणपाट, प्लॅस्टिकचे थर, वर्तमानपत्र आणि तपकिरी चिकटपट्टी काढल्यावर नुसता गांजा ९७० ग्रॅम. एक किलोच्या आत गांजा असेल तर तो अल्प प्रमाणात मोडतो, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. त्यावर गेला की, वीस किलोच्या आत, दहा वर्षांपर्यंत. म्हणून दोन्ही वजनं वेगवेगळी लिहून घ्यायची. नमुने जागेवर काढायचे नसतात. एनडीपीएसच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ते मॅजिस्ट्रेटसमोर काढतात, गांजाचे २४ ग्रॅमचे, दोन संच.

पंच म्हणून शेजारचे दोघेजण बसले होते. पाण्यामुळं सगळी बिल्डिंग जागी होती, नाहीतर रात्री पंच मिळणं कठीण. लेखी बोलावणं आल्यावर सबळ कारणाशिवाय नाही म्हणणं गुन्हा आहे, पण न वाचता सही करायची सक्ती कुणी करू शकत नाही. लाखेचं सील आणि लेबल डोळ्यांसमोर लागलं की मगच सही. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं, यादी करण्याचं आणि सह्यांचंही चित्रीकरण करावं लागतं. मोबाईलवर चालतं. यादीची प्रत घरात राहणाऱ्याला मिळालीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशीची सभा मला रात्रीपेक्षा जड गेली. मुलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरले होते. कुणी म्हणालं पाणी तोडा, कुणी म्हणालं एकट्या पोरांना फ्लॅट द्यायचेच नाहीत असा ठराव करा. पाणी तोडायचा अधिकार सोसायटीला नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगीही लागत नाही, आठ दिवस आधी कळवणं, नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार आणि पोलिस ठाण्याला दिलेली माहिती एवढं लागतं. या फ्लॅटच्या फायलीत नेमकी पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत नव्हती. कमिटीनं मालकाला नोटीस काढायची ती त्याबद्दल. "आमच्यावर पण केस होईल का?" असं सेक्रेटरींनी तीनदा विचारलं. एनडीपीएसचं कलम २५ जागेच्या मालकाला आणि ताबेदाराला लागतं खरं, पण त्यानं जाणूनबुजून वापर करू दिला असेल तरच. कमिटीनं कळवलेलं लेखी असेल तर ते कमिटीचं संरक्षणच ठरतं.

जिन्यातल्या कॅमेऱ्यात मीटर रूमचं दार दिसतं. त्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवर पंधरा दिवसांनी जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून तो सभेआधीच बंद करून पोलिसांच्या ताब्यात दिला, अनुक्रमांक लिहिलेली पावती घेऊन. त्यातून तिघांपैकी एकावर दोषारोपपत्र गेलं, मामा साक्षीदारांच्या यादीत आहेत. खटला अजून चालू आहे. मीटर रूमच्या किल्लीला आता नोंदवही आहे. किल्ली कुणी, किती वाजता नेली ते मामा लिहून ठेवतात.